उरलेल्या साबणाच्या तुकड्यांचं काय करता?

प्राजक्त
दिवाळीतल्या मोतीच्या वड्या अर्ध्या होऊन पडल्यात, त्यावरून आजीचा तुकड्यांचा डबा आठवला. कृती अशी: तुकडे वाळवून किसा. १०० ग्रॅम किसाला ३०-४० मिली पाणी, रात्रभर झाकून. सकाळी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून मंद आचेवर वितळवा. जोरात ढवळलं की फेस धरतो आणि वडी भुसभुशीत निघते. शिऱ्याइतकं घट्ट झालं की तेल लावलेल्या वाटीत दाबून भरा. दोन दिवसांनी काढून २-३ आठवडे वाऱ्यावर. घाई केली की चिकट राहते.
तुम्ही काय करता?

रसायनवाली
त्यात लिंबू पिळू नका प्लीज! व्हिडिओत सर्रास सांगतात. आम्ल पडलं की साबण फुटतो, तेलकट चोथा वर येतो. दूध-बेसनही नको, ओलाव्यात खराब होतं. डव्हसारखे तुकडे वेगळे ठेवा, साध्या साबणाशी नीट एकजीव होत नाहीत, गाठी राहतात. आणि कपड्यांच्या साबणात सोडा असतो, तो अंगाच्या वडीत अजिबात नको.

सुमेधा_का
गॅस कशाला? नवी वडी आणि तुकडा दोन्ही ओले करून दाबायचे, रात्रभर पाणी लागू द्यायचं नाही. नव्या वडीवरची अक्षरं आधी झिजू द्या, नाहीतर मध्ये फट राहून तुकडा सुटतो.

शिवणयंत्र
पांढरे पातळ तुकडे मला द्या :) गडद सुती कापडावर खुणा करायला खडूपेक्षा छान, धुतलं की जातात. सिल्कवर नको.

गच्चीतली_जास्वंद
झाडांवरच्या मावा किडीसाठी लिटरभर कोमट पाण्यात ५ ग्रॅम साबणाचा किस, गाळून घ्या, नाहीतर पंप चोंदतो. आधी एका पानावर करून बघा, मग संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.

प्राजक्त
@जास्वंद बोअरचं पाणी चालेल?

रसायनवाली
जड पाणी नको. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा साका होतो, पानांवर पांढरा थर बसतो आणि मावा तसाच. पावसाचं किंवा आरओचं घ्या.

मनवा
वाळलेल्या घोसाळ्याच्या बिया झटकून पोकळीत तुकडे भरायचे, तोंड दोऱ्याने बांधायचं. वापरून झालं की टांगून ठेवा, बादलीत राहिलं तर कुजतं.

सुमेधा_का
मनवा, बी आहे का गं? जूनमध्ये लावीन.

मनवा
आहे काकू, पाठवते. दोन-तीन फळं वेलावरच तपकिरी होऊ दे, हलवल्यावर बी वाजलं की काढ. बाकीच्यांची भजी!