तिरफळां म्हणजे काय गो?
म्हातारपणी कुणी शब्द विसरू लागलं की ‘एमआरआय नॉर्मल म्हणजे वयाचं विसरणंच’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्या वेंगुर्ल्याच्या मावशीला काल कोण आलं, वीजबिल भरलं का, सगळं आठवायचं. पण सरंगा, सुरमई, बांगडा या सगळ्यांचं हळूहळू नुसतं ‘मासो’ झालं आणि एक दिवस सुनेला विचारते, “तिरफळां म्हणजे काय गो?” जन्मभर तिरफळं (माशाच्या कालवणातला मसाला) घालून बांगड्याचं तिखलं करणारी बाई! शब्द सुचत नव्हता असं नाही, त्याचा अर्थच पुसला गेला होता. एमआरआयच्या पहिल्या रिपोर्टात मेंदूचं ‘वयोमानानुसार आकुंचन’ एवढंच. तीच फिल्म मुंबईत न्यूरॉलॉजिस्टनी पाहिली, तर डाव्या टेम्पोरल लोबचं (कानशिलाजवळचा मेंदूचा भाग) पुढचं टोक उजव्यापेक्षा स्पष्ट सुकलेलं.

आणि अमायलॉइड-टाऊच्या (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारी प्रथिनं) तपासण्या अल्झायमर ओळखतात, भाषेचा प्रत्येक डिमेन्शिया (प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया, म्हणजे आधी भाषाच हरवत जाणारा आजार) नाही. त्याच्या २०११च्या वर्गीकरणातल्या तीन प्रकारांपैकी लोगोपेनिकमागे (शब्द शोधत अडखळणारा तो) बहुधा अल्झायमर असतो, तिथे त्या कामाच्या. मावशीच्या सिमँटिक (शब्दांचा अर्थच पुसणाऱ्या) प्रकारात बहुतेकदा टीडीपी-४३ हे प्रथिन असतं आणि त्याची नेहमीच्या वापरातली रक्ततपासणी अजून नाही. तिची अमायलॉइड तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा घरचे पेढे वाटायला निघाले होते, त्यांना थांबवावं लागलं.