मुलगी, मित्र आणि निसर्गोपचार: प्रवासाचा क्रम कसा असावा?

प्रश्न: आम्ही नागपूरचे निवृत्त दांपत्य आहोत. पुण्याला मुलीकडे, सोलापूरला माझ्या जुन्या सहकाऱ्यांकडे आणि मधल्या काळात उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहण्याचा विचार आहे. सौभाग्यवतींना गुडघेदुखी व मधुमेह आहे. क्रम कसा ठेवावा?

उत्तर १: उरुळीकांचन पुणे-सोलापूर मार्गावरच असल्यामुळे उलटा फेरा पडत नाही, तरीही १९४६ साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेल्या या आश्रमात शेवटी जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण मातीपट्टी, कटिस्नान आणि मिताहार यांनी लागलेली शिस्त सोलापूरच्या शेंगाचटणी-भाकरीच्या पाहुणचारात टिकणे फार कठीण असते. खोली आधीच आरक्षित करावी.

उत्तर २: वहिनींच्या मधुमेहाचा विचार आधी व्हावा. आहार एकदम कमी झाला आणि गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीइतकेच राहिले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी आणि ग्लुकोमीटर सोबत ठेवावा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आधी सोलापूर, मग पुणे आणि शेवटी आश्रम, असे ठरवतो. डॉक्टरांची भेट याच आठवड्यात घेतो.