‘एंड ऑफ सपोर्ट’ मराठीत कसं लिहायचं? ‘आधार संपला’ चालेल का?

काळीमाती
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात सेवा केंद्र, शाळा, कृषी केंद्रं, सगळीकडे अजून तेच चालतं. संगणक बंद पडणार नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं आहे, हे लोकांना कळावं म्हणून एक पानाची माहिती लिहितो आहे. पहिलं वाक्य होतं, ‘विंडोज १० चा आधार संपला आहे.’ केंद्रचालकानं कागद वाचून परत दिला. “भाऊ, हे भितीवर लावलं तं उद्या सकाळी लोकं कार्ड घेऊन उभे राहतीन.” त्यात कापसाच्या नोंदणीचे दिवस, सरकारसाठी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या कपास किसान ॲपला आधार लागतंच.

मला हा शब्द सोडायचा नाही. नंदुरबारच्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला २०१० मध्ये. ‘म्हातारपणाचा आधार’ आपण त्याच्या किती आधीपासून म्हणतो! एका योजनेला नाव दिलं म्हणून मराठीनं आपला शब्द देऊन टाकायचा का?

शब्दवेडा
शब्द देऊन टाकू नयेच, पण इथे तो बसत नाही. आ + धृ, म्हणजे ज्यानं धरून ठेवलं आहे ते. खांब काढला की छत खाली येतं. ‘विंडोजचा आधार संपला’ वाचून माणसाला वाटेल विंडोज कोसळलं, आणि तुम्ही तर म्हणता चालू राहणार. सपोर्ट म्हणजे मागे कोणी उभं असणं. त्याला ‘पाठबळ’ म्हणावं. ‘विंडोज १० चे पाठबळ थांबले.’

पऱ्हाटी
पाठबळ पुढाऱ्याले असते दादा, संगणकाले नाही. आमच्या इकडे सपोर्टले शब्द आहे, तुम्ही काहून शोधून राहिले? सरकार कागदावर ‘किमान आधारभूत किंमत’ लिहिते. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाले ती क्विंटलमागे ८११० रुपये होती. पण दर्यापूरच्या बाजारात एक तरी कास्तकार ‘आधारभूत’ म्हणते का? हमीभाव म्हणते. सपोर्ट म्हणजे हमी. ‘विंडोज १० ची हमी संपली’ लिहा, माह्या आजीलेही समजीन.

टर्मिनल
‘हमी’ साफ चूक. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला २०१५ मध्ये बाजारात आणलं तेव्हा करारात फक्त थोड्या काळाची मर्यादित हमी होती. इतरांकडे अनेकदा तीही नसते. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत १५ वं कलम खास त्यासाठी आहे: कसलीही हमी नाही. हमी म्हणजे नुकसान झालं तर भरून देऊ. सपोर्ट म्हणजे सुरक्षेत भोक सापडलं तर बुजवू. जी केव्हाच संपली होती ती आता पुन्हा संपेल कशी?

आणि शब्दापेक्षा मोठी गोष्ट अशी की विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे चांगले चालते संगणक एका तारखेनं भंगारात काढले जातात. मला हे अन्यायाचं वाटतं. गावात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाका, प्रश्नच मिटतो.

शब्दवेडा
मिंटचा धागा वेगळा काढा. ‘हमी’ला माझा आक्षेप दुसरा आहे: इंग्रजी काढून अरबी-फारसी आणायचं असेल तर मग ‘सपोर्ट’च राहू द्या. सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ दिले तेव्हाही लोक नाकं मुरडत होते. आज ते शब्द नगरपालिकेच्या शिपायाच्या तोंडी आहेत. शब्द वापरला की रुळतो.

पऱ्हाटी
अरबीतला ‘हामी’ म्हणजे राखणारा, पाठीशी उभा राहणारा. तोच तं सपोर्ट झाला ना! तुम्ही ‘पाठबळ’ म्हणता, थेच थो म्हणते. आणि जमीन, वकील, तहसील, दुरुस्ती हे सारे शब्द काढा न मंग आमच्या तालुक्याच्या कचेरीत एक अर्ज लिहून दाखवा. करारातली हमी वेगळी, तोंडातली हमी वेगळी. पाटी वकिलासाठी नाही लिहून राहिले ते.

मेळघाटी
मी धारणीकडे शाळेत शिकवते. आमच्याकडे मुलं सरळ ‘अपडेट येणं बंद झालं’ म्हणतात, म्हणून मीही फळ्यावर तेच लिहिलं. २०१७ चा वॉनाक्राय हा संगणकांवरचा व्हायरस-हल्ला त्यांना सांगितला. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, हल्ला मेमध्ये झाला, आणि ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते सापडले. हे ऐकल्यावर ‘अपडेट नाही’चा धोका मुलांना लगेच कळला.

पालकांचं मात्र वेगळंच निघालं. त्यांच्या लेखी ‘अपडेट’ म्हणजे आधारवरचा फोन नंबर बदलणं, दुसरं काही नाही. “विंडोजचं अपडेट बंद” वाचून एका आईनं विचारलं, मग नंबर कुठं बदलायचा? म्हणजे काळीमाती दादा, ‘आधार’ टाळला तरी आधार सुटत नाही.

पूर्णाकाठ
मी मोटारपंप बांधणारा माणूस. आमच्यात एखादं मॉडेल बंद झालं, त्याचे पार्ट यायचे थांबले, की एवढंच म्हणतात, “कंपनीनं हात काढला.” पंप चालते, पाणी येते, पण जळला तर कंपनीले सांगता येत नाही. ‘विंडोज १० वरून कंपनीनं हात काढला’ असं लिहा. याच्यात संस्कृत नाही, अरबी नाही.

टर्मिनल
काका, वाक्य फार आवडलं. फक्त हात पूर्ण काढलेला नाही. घरगुती संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा-दुरुस्त्या घेता येतात, सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडली तर पैसेही पडत नाहीत. व्यावसायिक संस्थांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, तेही तीनच वर्षं. सेवा केंद्रानं हे पैसे कुठून आणायचे?

काळीमाती
‘हात काढला’ मी माहितीच्या आत नक्की वापरणार. पण मथळ्याला नाम लागतं, तारखेपुढे लिहिता येईल असं.

‘आधार’साठी माझा एक मुद्दा अजून कोणी खोडला नाही. कार्डाचं आधार आपण नपुंसकलिंगी करून टाकलं आहे: ‘माझं आधार’, ‘आधार लिंक झालं’. जुना शब्द पुल्लिंगीच आहे: ‘त्याचा आधार गेला’. मग ‘आधार संपला’ आणि ‘आधार संपलं’ हे दोन वेगळे शब्द झालेच की! भाषेनं दोघांना वेगळी जागा करून दिली आहे, आपण फक्त ती ओळखायची.

पऱ्हाटी
पुस्तकात झाले असतीन. आमच्याकडे ‘माहा आधार कार्ड हरवला’ म्हणणारे चिक्कार आहेत, हिंदीच्या शेजारानं नपुंसकलिंग सैल झालं आहे. तुमच्या पाटीवरचा ‘संपला’ वाचून ते कार्डच शोधतीन.

शब्दवेडा
लिंगाचा मुद्दा मला पटला, आणि पाटीवर व्याकरण शुद्ध असावं या मतालाही त्यानं बळ मिळतं. तरी अर्थाचं काय? आधार संपला आणि वस्तू उभी, हे माझ्या कानाला जमत नाही. ‘पाठबळ’च.

मेळघाटी
टर्मिनल, शाळेच्या जुन्या संगणकांवर मिंट टाकलं तर मराठी टंकलेखन चालेल का? मुलांना इन्स्क्रिप्ट कळफलकाची सवय आहे.

टर्मिनल
चालेल ताई. इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आधीपासून असतो, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा. लेखन-हिशोबासाठी लिबरऑफिसही सोबतच येतं. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीईवालं, म्हणजे हलकं मिंट घ्या.

काळीमाती
शाळेचं जमेल, केंद्राचं नाही. आमच्याकडच्या अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर विंडोजचाच मिळाला आहे.

टर्मिनल
यंत्राचं मॉडेल कोणतं ते सांगा. खाली चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं.