क्वीन्सलंड 1915: सक्तीच्या मतदानाचा डाव सरकारवरच उलटला का?

रावपुरावासी: गुजरातमधील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान सक्तीचे करणाऱ्या कायद्याला 2015 मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तेव्हा आमच्या वडोदऱ्यात त्यावर बरीच वादावादी झाली आणि ऑस्ट्रेलियाचा दाखला हटकून दिला गेला. तिथे ही सक्ती प्रथम क्वीन्सलंड राज्यात आली, पण ती आणणारे सरकारच लगेच पडले, असे वाचले. हे कसे घडले?

जुनी_कात्रणे: डिग्बी डेनहॅम यांच्या लिबरल सरकारचा हिशेब असा होता की, कामगार संघटना मजूर पक्षाचे मतदार घराघरांतून बाहेर काढतात आणि आपले समर्थक, विशेषतः स्त्रिया, घरीच बसतात, तेव्हा दोन पौंडांपर्यंतच्या दंडाचा धाक घालून सगळ्यांनाच केंद्रावर आणावे. 22 मे 1915 रोजी मतदान झाले. 1912 मध्ये सुमारे 75 टक्के असलेले प्रमाण 88 वर गेले, आणि टी. जे. रायन यांच्या मजूर पक्षाने 72 पैकी 45 जागा जिंकल्या. खुद्द डेनहॅम ऑक्स्ली मतदारसंघात पडले!

वाडीकर: सारे श्रेय सक्तीला देणे मला पटत नाही. 1912 मध्ये ब्रिस्बेनच्या सार्वत्रिक संपानंतर लोक धास्तावले होते, आणि त्या भीतीवर डेनहॅम तरून गेले. 1915 पर्यंत महायुद्ध सुरू झाले होते, त्यात दुष्काळ, आणि मांसापासून पिठापर्यंत सगळे महागलेले. रायन यांनी नेमके भावांवर बोट ठेवले. सत्तेवर येताच त्यांच्या सरकारने स्वस्त मांसाची सरकारी दुकानेही उघडली. मतपत्रिका गुप्त असल्यामुळे दंडाच्या भीतीने आलेल्यांनी कोणाला मत दिले, हे छातीठोकपणे कोण सांगणार?

रावपुरावासी: पटले. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हाही मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. पण त्या सक्तीत राज्यकर्त्याला गादी गमावण्याची धास्ती नव्हती. क्वीन्सलंडच्या नव्या सरकारने हा कायदा रद्द का केला नाही?

जुनी_कात्रणे: जिंकलेला पक्ष कशाला रद्द करील? उलट 1924 मध्ये संघराज्याच्या निवडणुकांनाही सक्ती लागू झाली. मात्र ‘सगळ्यांना’ हा शब्द मी सैलपणे वापरला, कारण तेथील आदिवासी आणि आपल्यासारखे आशियाई लोक त्या वेळी मतदारयादीतच नव्हते. आदिवासींना क्वीन्सलंडच्या निवडणुकांत मताधिकार मिळाला तो थेट 1965 मध्ये.