मदत हवी आहे: बाबांचा आवाज दोन महिन्यांपासून बसलाय, ऑपरेशन आत्ता करायचं की मृगाचा (संत्र्याच्या मार्चातल्या मालाचा) सीझन झाल्यावर?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे बाबा (वय ५८) कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचा हर्रास बोलतात. ३० वर्षं झाली, सकाळी ढिगापाशी उभं राहून टनाचा भाव ओरडायचा, समोर व्यापारी, मागे गाड्यांचे हॉर्न, माईक वगैरे भानगड नाही. दिवाळीच्या आसपास आंबियाचा (संत्र्याच्या दुसऱ्या बहाराचा) माल जोरात होता, सर्दी झाली होती तरी गेले, आणि बोली चालू असतानाच आवाज फाटला तो फाटलाच. आम्हाला वाटलं घसा बसला असेल. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, औषधाच्या दुकानातून कोणाला न विचारता आणलेलं ॲन्टिबायोटिक, सगळं झालं. आता अर्धा जानेवारी संपला. बोलले की सायकलच्या पंपातून हवा निसटल्यासारखं येतं, आईला बोलवायचं तं स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवतात.

मागच्या आठवड्यात जबरदस्तीने ईएनटीकडे नेलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण टाकून "ईईई" म्हणायला लावलं, स्क्रीनवर आम्हालाही दाखवलं. आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या (स्वरतंतू) उघडझाप करतात आणि डावीवर ज्वारीच्या दाण्याएवढा लालसर फुगा. तो मधात येतो म्हणून पट्ट्या पूर्ण मिटत नाहीत, हवा निसटते. पॉलिप (कॅन्सर नसलेली साधी गाठ) वाटतो म्हणाले, पूर्ण भूल देऊन तोंडातूनच काढू आणि तुकडा तपासायला पाठवू.

तुकडा म्हटल्याबरोबर बाबा खुर्चीतून उठलेच. त्यांच्या ओळखीच्या एका अडत्याचं कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलंय, गळ्याला छिद्र आहे, तेच डोळ्यासमोर आलं असणार. आता म्हणतात मार्चमध्ये मृगाचा माल येईल, तो निघून जाऊ दे मग बघू. बिडी ६ वर्षांपूर्वी सोडली पण खर्रा (तंबाखू-सुपारी) चालूच आहे, दवाखान्यात सुद्धा खिशात पन्नी होती (विचारलं तं म्हणे जुनी आहे).

तर मार्चपर्यंत थांबलं तं चालेल का? स्पीच थेरपीने जात नाही का हे? आणि ऑपरेशननंतर आवाज खरंच परत येतो का?

बोलतीबंद: ताई, मी महाल भागातल्या शाळेत शिकवते, माझा पॉलिप ३ वर्षांपूर्वी काढला. बाहेरून एक टाका नाही. तोंडातून नळी घालतात तिचा दाब पडतो म्हणून दोन दिवस जीभ बधिर होती, बाकी काही नाही. ५ दिवस पूर्ण मौन होतं, कुजबुजायलाही बंदी, कुजबुजताना पट्ट्यांवर उलट जास्त ताण येऊ शकतो म्हणे. मग दीड महिना थेरपी. आवाज आला, वर्ग सांभाळते, पण खोटं कशाला बोलू, भजनात वरची पट्टी पहिल्यासारखी लागत नाही.

विदर्भपुत्र: तुरटीच्या पाण्याने गुळण्या करा, २१ दिवसांत मोकळा. ऑपरेशन म्हणजे पैसे काढायचे धंदे.

मंद्रसप्तक: मी स्पीच थेरपिस्ट आहे. विदर्भपुत्र भाऊ, गुळण्यांचं पाणी त्या पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही, पोचलं तर माणूस ठसकून बेजार होईल.

ताई, थेरपीने बहुतेक वेळा जातात ते नोड्यूल, म्हणजे हाताला घट्टे पडतात तसे दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर आलेले, शिक्षक आणि गाणाऱ्या लोकांना होतात. पॉलिप बहुधा एकाच बाजूला असतो, कधी एकदाच जोरात ओरडल्यावर आतली बारीक रक्तवाहिनी फुटून होतो, तुमच्या बाबांची गोष्ट तशीच वाटते. पुरुषाच्या पट्ट्या बोलताना सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकींवर आपटतात, त्यात तो दाणा रोज घासला जातो. काही लहान पॉलिप नुसत्या थेरपीने बसतात, पण इथे मी थांबा म्हणणार नाही, कारण बिडीचा इतिहास आणि वय. घोगरेपणा ३-४ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की दुर्बीण हवीच, ती तुम्ही केली, आता तो तुकडा. नुसतं बघून शंभर टक्के खात्री देता येत नाही.

बाबांना एवढं सांगा की तुकडा तपासणं आणि स्वरयंत्र काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा वाईट निघालं तरी पट्टीवरचा कॅन्सर आवाज लवकर बदलतो म्हणून लवकर सापडतो, त्या टप्प्यावर लेसर किंवा रेडिएशनने १० पैकी साधारण ९ जण बरे होतात आणि स्वरयंत्र जागेवर राहतं. ते काढायची वेळ येते बहुतेक उशीर झाल्यावर. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होतात का तेही बघा, ॲसिड वर येऊन पट्ट्या सुजतात. खर्च जड जात असेल तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत ईएनटी विभाग आहे. आणि मृगाच्या सीझनला गळ्यात अडकवायचा माईक घेऊन द्या.

धागा काढणारी: सगळ्यांचे आभार. बाबांना काल रात्री हे सगळं वाचून दाखवलं. रक्त पातळ करायची गोळी खरंच चालू आहे, बीपीच्या गोळीसोबतच, मी डॉक्टरांना सांगायचीच विसरली होती! अडत्याकाकांना पण फोन लावला, ते दीड वर्ष घसा अंगावर काढत होते. बाबा बराच वेळ गप्प (तसेही गप्पच असतात आता), मग कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं, "५ दिवस फोन पण नाही?" मी म्हटलं नाही. मग खाली लिहिलं, "माईक किती रुपयाचा?"

सोमवारी भुलीच्या डॉक्टरांकडे जातोय. खर्ऱ्यासाठी वेगळा धागा काढते.