अर्जंट मदत हवी: २ इंची कपलर २ इंची पाईपला बसंना

नळवाला_सेलू – दुपारी १२:५०
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, माणसं उन्हात बसून हायेत. पाईप २ इंची, कपलर (दोन पाईप जोडायचा तुकडा) पण २ इंची, कपलरवर तसं छापलेलंच हाय, तरी पाईपवर चढंना. टेप लावून बघितला तर ६ सेंटीमीटर भरायलाय म्हणजे बरोबरच हाय ना. कानस मारून बघितली, सॉल्व्हंट (पाईप चिकटवायचं) लावून ठोकून बघितलं, एक कपलर चिरला. दुकानदार मनतो माझा माल बरोबर हाय तुझा पाईप खराब, मालक मनतो पाईपला काय बी झालं नाही तुलाच काम येत नाही. ४ वर्षं झाले काम करायलो, असं कधी झालं नाही. परवा घरात साखरपुडा हाय आन पाणी बंद. कपलरचा माल खराब येऊ शकतो का? कोणाला अनुभव?

गणितमास्तर_वसमत – १२:५८
साधं गणित आहे. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. तुमचा पाईप ६० मिमी भरतोय म्हणजे तो २ इंची नाहीच, त्याहून मोठा आहे. ५० मिमीचा पाईप आणा, कपलर आपोआप बसेल.

मोंढा_हार्डवेअर – १:०३
मास्तर, तुमचं ऐकून ह्यानं ५० चा पाईप आणला तर गडी कपाळ बडवून घेईल. ५० मिमीला आमच्या काउंटरवर दीड इंची म्हणतात. गणित बरोबर आहे तुमचं, पण २ इंची पाईप कुठूनच ५०.८ भरत नाही, बाहेरून बी नाही आन बऱ्याचदा आतून बी नाही. ते नुसतं नाव आहे.
नळवाले भाऊ, पाईप कुठला ते सांगा आधी. पांढरा का करडा? घरातला का शेतातला? पाईपवर काय छापलंय?

नळवाला_सेलू – १:०७
पाईप म्हणजे पाण्याचा पाईप हो. छापलेलं पुसलंय. २ इंची हाय, मालक सांगायलाय ना, त्यानंच आणला होता. मला फक्त एवढं सांगा कपलर बदलून दुसऱ्या कंपनीचा आणू का?

बोअरवेल_दादा – १:१०
भाऊ बोअर किती फूट आहे आन मोटर किती एचपीची? मी का विचारायलो तर लोक हेडमधेच, म्हणजे मोटर पाणी किती उंच चढवते त्यातच, मार खातात. मोटरच्या पाटीवर हेड मीटरमधे असतो आन आपण बोअर फुटात सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एक जण ४०० फुटाच्या बोअरला ४०० हेडची मोटर द्या म्हणून दुकानात भांडत होता. ४०० फूट म्हणजे १२२ मीटर! ४०० मीटर म्हणजे तेराशे फुटाच्या वर जातं, तेवढं खोल पाणी तरी कुठं राहिलंय. फुटाला ३.२८ नं भागायचं, झाला मीटर. मोटर बदलायची असेल तर कळवा.

नळवाला_सेलू – १:१२
दादा बोअर नाही विहीर हाय, आन मोटर मस्त चालू हाय. कपलरचं विचारलंय.

काळी_माती – १:१५
एवढा कशाला विचार करायलास गड्या. शेणीचा जाळ कर, पाईपाचं टोक शेक, मऊ पडलं की दुसरा पाईप त्यात घुसव, वरून ओलं फडकं फिरव, झालं सॉकेट. आमच्या शेतातल्या आखाड्यावर १२ वर्षं झाले असेच जोड हायेत, एक थेंब गळत नाही. कपलर-बिपलर हे शहरातल्या लोकायचे चोचले.

निवृत्त_ओव्हरसियर – १:२४
काळी माती साहेब, तुमच्या त्या जोडातून तुषारचं पाणी जातं का नुसतं दंडात सोडता? दंडात सोडत असाल तर दाब शून्य, बारा काय वीस वर्षं टिकेल. शेकलेला पाईप फुगवला की भिंत पातळ होते, दाब आला की नेमका तिथंच फाटतो. आणि पीव्हीसीच्या धुरात आम्ल असतं, तो धूर नाकात घेऊ नये.

नळवाले, आता तुमच्याकडे. टेप पाईपच्या तोंडावर आडवा धरला असणार. त्यात दोन-तीन मिमीचा फरक डोळ्याला दिसतच नाही, ६० काय आणि ६३ काय, दोन्ही तुम्हाला '६ सेंटीमीटर'च दिसणार. व्हर्निअर नसेल तर कागदाची पट्टी पाईपला घट्ट गुंडाळा, जिथं एकावर एक येते तिथं पेनाने खूण करा, पट्टी सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. हा बाहेरचा व्यास. व्यासात ३ मिमी फरक असला तर परिघात ९ मिमी पडतो, म्हणजे लपायला जागाच राहत नाही. जुन्या पाईपचं आणि नव्या पाईपचं, दोन्हीचं माप टाका.

चहा_कमी_साखर – १:२६
टेपच्या टोकाची लोखंडी पट्टी हलते, त्यामुळं बी माप चुकत असेल. टेप बदला.

निवृत्त_ओव्हरसियर – १:२९
ती पट्टी हलायलाच हवी हो. पट्टीच्या जाडीइतकीच ती मागेपुढे होते, अडकवून ओढला तर बाहेरून माप बरोबर आणि भिंतीला टेकवून दाबला तर आतून माप बरोबर. लोक तिला ठोकून पक्की करतात आणि मग कायम दीड मिमी चुकत राहतात.

नळवाला_सेलू – १:४१
घ्या केलं गुंडाळून. विहिरीकडून आलेला १९.८ सेंमी. मी टाकलेला नवीन १९ ला थोडं कमी. आता काय?

मोंढा_हार्डवेअर – १:४४
"विहिरीकडून आलेला" आन "मी टाकलेला"! भाऊ हे तू आता सांगायलास? दोन येगळे पाईप हायेत हे पहिल्या पोस्टमधे लिवलं असतं तर एक कपलर वाचला असता.

नळवाला_सेलू – १:४८
अहो त्यात काय सांगायचं, सगळ्यांकडं तसंच असतं. मालकाच्या विहिरीपासून आखाड्यापर्यंत त्याचा करडा पाईप आधीचा हाय, तिथून पुढं घरापर्यंत मालक मनला पांढरा चांगला टाक, मनून मी पांढरा यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) टाकला. दोन्ही २ इंची.

निवृत्त_ओव्हरसियर – २:०२
झालं निदान. १९८ मिमी भागिले ३.१४ म्हणजे ६३. हा शेतीचा पाईप, आयएस ४९८५ या भारतीय मानकाचा, त्यात बाहेरचा व्यास हेच पाईपचं नाव असतं, सरळ मिमीमध्ये: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५, ९०, ११०. बाजारात ६३ ला '२ इंची' म्हणायची सवय पडली आहे एवढंच. तुमचा पांढरा १८९ भागिले ३.१४ म्हणजे ६० आणि वर थोडं, तो अमेरिकन मापाचा, एएसटीएम डी १७८५, २ इंचीचा बाहेरचा व्यास ६०.३. जुना जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) २ इंची पाईपही बाहेरून ६०.३ च्याच आसपास, म्हणून पांढऱ्याची सोयरीक लोखंडाशी जमते, शेतीच्या पाईपशी जमत नाही. ६०.३ च्या कपलरमध्ये ६३ चा पाईप ठोकलात तर चिरणार नाही तर काय होणार.

गणितमास्तर_वसमत – २:०५
म्हणजे माझं ५०.८ चुकलं नव्हतं.

मोंढा_हार्डवेअर – २:०६
नव्हतं मास्तर. फक्त ५०.८ चा पाईप अजून कोणी तयार केला नाही 😄
एक सांगतो, दोन इंचीतच हे होतं असं नाही. शेतीचा १ इंची ३२ चा, पांढरा १ इंची ३३.४ चा. सीपीव्हीसी (गरम पाण्याचा पाईप) तर अजून तिसरंच, १ इंची २८.६, कारण ते तांब्याच्या नळीच्या मापावर बेतलंय. एकाच काउंटरवर तीन '१ इंची' आन तिन्ही एकमेकात जात नाहीत. गिऱ्हाइकानं नुसतं १ इंची मनलं की मी आधी विचारतो कशासाठी, तर लोकायला वाटतं ह्याला धंदाच करायचा नाही.

काळी_माती – २:१०
मनूनच मनलं शेक. ६० चा ६३ मधे घुसवायला किती वेळ लागतोय. शेतीचा पाईप पीव्हीसी आन घरचा यूपीव्हीसी, त्यायचं सॉल्व्हंटनं जमत बी नाही.

निवृत्त_ओव्हरसियर – २:१४
दोन्ही यूपीव्हीसीच आहेत. ४९८५ हे मानकच मुळी यूपीव्हीसी पाईपचं. जात एक, माप वेगळं.

नळवाला_सेलू – २:१५
तुमचं भांडण नंतर करा, मी आता काय आणू ते सांगा, मोंढा ५ ला बंद होतो आज.

मोंढा_हार्डवेअर – २:१९
६३ चा एमटीए एक आण, शेतीच्या फिटिंगमधे मिळतो, एका बाजूला ६३ चं सॉकेट, दुसरीकडं २ इंची बाहेरचे आटे. आन पांढऱ्यातला २ इंची एफटीए एक, आतले आटेवाला. दोन्ही दुकानातच एकमेकात हातानं फिरवून बघ, आटे सरळ बसून निम्म्यापर्यंत मऊ गेले तर घे, तिरके अडायले तर काउंटरवर ठेव. टेफ्लॉन आट्याच्या दिशेनंच गुंडाळ, उलटा गुंडाळला की फिरवताना गोळा होऊन बाहेर येतो. हातानं घट्ट करून पान्यानं एक-दीड फेरा, जास्त जोर लावू नको, प्लास्टिक आहे. कानस मारलेलं टोक कापून टाक. सॉल्व्हंटच्या बाजूचा जोड आज केला तर उद्या दुपारपर्यंत मोटर चालू करू नको, मालक कितीबी मनू दे.

बोअरवेल_दादा – २:२४
आन हो, पाईप किती टाकले? मी अजून एक सांगतो, पाईप "२० फुटी" मनतात पण असतो ६ मीटर, म्हणजे १९.६८ फूट. १० पाईपामागं ३ फूट गायब. सॉकेटवाला असेल तर आत घुसतं ते येगळं. बोअरमधे सोडताना हिशोब चुकला तर मोटर पाण्याच्या वर लोंबकळत राहते.

नळवाला_सेलू – २:२५
दादा हात जोडतो. विहीर हाय.

लातूरची_लेक – २:४०
धागाकर्त्याची माफी मागून माझाही एक प्रश्न. आमचा हौद आतून ८ फूट लांब, ६ रुंद, ५ खोल. टँकरवाला ५ हजार लिटर म्हणून पैसे घेऊलालाय पण हौद कधीच भरल्यासारखा वाटत नाही. कसं मोजायचं?

गणितमास्तर_वसमत – २:४७
ताई, ८ × ६ × ५ = २४० घनफूट. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून हौद साधारण ६,८०० लिटरचा. ५ हजारात भरणारच नाही. पण टँकरवाल्याची परीक्षा घ्यायची असेल तर याहून सोपं आहे. तळ ४८ चौरस फूट, म्हणजे पाणी १ इंच चढलं की ४ घनफूट, ११३ लिटर. टँकर रिकामा करायच्या आधी आणि नंतर काठी बुडवून ओल मोजा. ५ हजार खरे असतील तर ४४ इंच चढलं पाहिजे.

लातूरची_लेक – २:५१
सर, कालच्याच फेरीला भिंतीवर कोळशाची खूण केली होती. ३६ इंच चढलं.

गणितमास्तर_वसमत – २:५२
४,०७० च्या आसपास. बाकीचे ९०० टँकरवाल्याला विचारा.

चहा_कमी_साखर – २:५८
लातूरकरांनी लिटर मोजायचं दुसऱ्यांना विचारावं म्हणजे कमाल. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा पहिल्या फेरीला १० वॅगन, वॅगनला ५० हजार लिटर, ५ लाख लिटर हे लहान पोराला बी पाठ होतं.

लातूरची_लेक – ३:०४
पाठ होतं ना, मनूनच आता कमी आलं की कळूलालंय 🙂

काळी_माती – ३:१०
हे लिटर-घनफूट नवीन. आमच्या वडलायनं विहीर ७ परस खोदली, परसावर हिशोब, कुठं अडलं नाही.

बोअरवेल_दादा – ३:१३
परस म्हणजे नेमके किती फूट? आमच्याकडं कोणी ५ धरतं कोणी ६. ७ परसाला ७ फुटाचा घोळ! खोदणारा ५ धरणार आन मालक ६, मजुरी देताना बघा मग.

निवृत्त_ओव्हरसियर – ३:२०
माणसाच्या उंचीवरचं माप आहे ते, त्यामुळे माणूस बदलला की परस बदलतो. तसंच टीएमसीचं, पेपरात रोज वाचतो पण लिटरमध्ये कोणी सांगत नाही. १ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट, मास्तरांच्याच २८.३ ने गुणा, २,८३२ कोटी लिटर. जायकवाडीचा जिवंत साठा साधारण ७६ टीएमसी, आता करा गुणाकार.

गणितमास्तर_वसमत – ३:२४
२ लाख १५ हजार कोटी लिटर. ताईंचा हौद ६,८०० चा, भागाकार करून देऊ का?

चहा_कमी_साखर – ३:२५
नको.

नळवाला_सेलू – दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६:३५
झालं मंडळी. ६३ चा एमटीए सेलूत मिळाला नाही, परभणीहून येणाऱ्या एकाला आणायला लावला. काल रात्री जोडला, आज २ वाजता मोटर चालू केली, कोरडा ठाक हाय जोड. हार्डवेअर भाऊ आन ओव्हरसियर काका, लई उपकार. कागदाची पट्टी आता खिशातच ठेवणार.

फक्त एक झालं. मी १४ पाईपाचे २० च्या हिशोबानं २८० फूट बिलात लावले होते. मालकानं साखरपुड्याच्या पाहुण्यायसमोर टेप काढला, २७५ भरले, मनला ५ फूट कुठं गेले. बोअरवेल दादा, तुमचं ते ६ मीटरचं कालच नीट वाचायला पाहिजे होतं.

बोअरवेल_दादा – ६:४२
१४ गुणिले १९.६८, २७५ आन अर्धा. मालकाचा टेप बरोबर आहे. अर्धा फूट सोडून दे.
आन विहीर किती परस आहे?