डोळे ‘सरावतात’ की त्यांचं ‘अनुकूलन’ होतं?

धागाकर्ती: आकाशनिरीक्षणावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ‘अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात’ असं मी लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘नेत्रांचे तमानुकूलन होण्यास’ केलं. सराव माणूस करतो, डोळा नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘सरावणे’ खरंच चूक आहे का? आणि अंधारातून एकदम उन्हात आलो तर कुठलं क्रियापद वापरायचं? तिथे ‘सरावले’ माझ्याच कानाला खटकतंय.

शब्दवेडा: चूक मुळीच नाही. पाय चढणीला सरावतात, कान गोंगाटाला सरावतात, मग डोळ्यांनीच काय घोडं मारलंय? असे घडीव जोडशब्द घुसडूनच विज्ञानाची मराठी वाचवेनाशी झालीय.

नेमकं_बोला: मी संपादकांच्या बाजूचा. सरावलेला हात दुसऱ्या दिवशीही सरावलेलाच असतो. डोळ्याचं तसं नसतं. दृष्टिपटलातल्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. मध्येच मोबाइलचा झगझगीत पडदा पाहिलात तर कमावलेलं बरंचसं गेलं. ही सवय नव्हे, रसायन आहे. त्याला संज्ञा हवीच.

दुर्बीणवाला: संज्ञा तळटीपेत द्या, वाक्यात नको. रात्री नवख्या लोकांना ‘डोळे सरावू द्या’ म्हटलं की एका झटक्यात कळतं. टॉर्चला लाल कागद का लावतो तेही मग सांगता येतं: दंडपेशी लाल उजेडाला फारशी दाद देत नाहीत. मी अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. अंधुक तारा रोखून पाहिला की गायब होतो, नजर जराशी बाजूला नेली की पुन्हा उमटतो, कारण दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. अशा पाहण्याला काय म्हणावं? ‘तिरकी नजर’ म्हटलं की भलताच अर्थ निघतो. मी ‘कडेची नजर’ म्हणतो.

जुनी_वाचक: ‘कडेची नजर’ सुरेख आहे, राहू द्या. पण ‘अंधुक’ पाहा. तारा अंधुक, दिवा अंधुक, आणि चष्मा काढला की भर दुपारीही अंधुकच दिसतं. मग हा गुण उजेडाचा की नजरेचा? अंधकार म्हणजे आंधळं करणारा, त्याचाच अंधार झाला. म्हणजे अंधाराचं नाव डोळ्यावरून पडलं. काळोखाचं मात्र रंगावरून पडलं असावं, असं मला फार दिवस वाटतंय. म्हणून काळोख मिट्ट असतो, अर्धामुर्धा नसतो.

शब्दवेडा: हे नाही पटत. आमच्या घरी ‘जरा काळोख पडला’ असं रोज म्हणतात, तेव्हा समोरचं माणूस चांगलं ओळखू येत असतं.

नेमकं_बोला: आणि रंग सगळे एकदम काळे होत नाहीत. तिन्हीसांजेला एखाद्या झाडाकडे बघत राहा. लाल फुलं आधी काळवंडतात, हिरवी पानं त्यांच्यापेक्षा उजळ दिसू लागतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे १९व्या शतकात नोंदवलं. भरपूर उजेडात आपली नजर ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वांत तल्लख असते, अंधारात ती ५०७ कडे, म्हणजे निळ्याच्या बाजूला सरकते.

जुनी_वाचक: ‘काळवंडतात’! बघा, हा शब्दही रंगावरूनच आला.

धागाकर्ती: छान चाललंय, पण उन्हात आल्यावरचं क्रियापद राहिलंच. ‘दिपतात’ हे फक्त पहिल्या क्षणापुरतं. त्यानंतरचं?

दुर्बीणवाला: ते काही मिनिटांतच उरकतं, म्हणून वेगळ्या शब्दाची गरज पडली नसेल. ‘नजर निवळते’ चालेल?

नेमकं_बोला: निवळतं ते गढूळ झालेलं. दिपलेली नजर गढूळ नसते.

शब्दवेडा: उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा पाणी मारलं की नजर निवळतेच की.

जुनी_वाचक: अंधार ‘तो’ आणि अंधारी ‘ती’, हे कसं झालं असेल? कुणी सांगेल का?